धुतलेली पिशवी, आंब्याचा पाचोळा आणि सोसायटीचा खड्डा: घरच्या कचऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मार्चपासून मेपर्यंत येणाऱ्या पत्रांत पाचोळा आणि खतखड्डे हे विषय ठरलेले असतात. यंदा त्यांत दुधाच्या पिशव्यांची भर पडली. बहुतेक पत्रे पुण्यातली, म्हणून उत्तरेही पुण्याची व्यवस्था धरून दिली आहेत. इतर गावच्या वाचकांनी गाडीची वेळ आणि कचरा नेण्याची रीत तेवढी आपल्याकडची धरावी. कुजण्याचे नियम सगळीकडे एकच आहेत.

प्रश्न (कोथरूड): कचरा नेणाऱ्या ताई दुधाच्या पिशव्या धुऊनच द्या म्हणतात. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असताना कचरा धुवायचा, हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि त्याला जास्तीचे पाणी लागत नाही. पिशवी पातेल्यात रिकामी केली की तिच्यातच अर्धी वाटी पाणी घालून खळबळा आणि ते दुधातच ओता. पुष्कळ घरांत ही रीत आहेच. मग पिशवी उलटी करून खिडकीच्या गजाला चिमट्याने लावा. तासाभरात वाळते. वाळलेल्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत साठवून आठवड्यातून एकदा दिल्या तरी चालते.

दुधाची पिशवी एलडीपीई जातीच्या मऊ प्लास्टिकची असते. तिच्यात दुसऱ्या पदार्थाचा थर नसल्याने ती वितळवून पुन्हा वापरता येते आणि भंगारात तिला बरा भाव मिळतो. आत चमचाभर दूध राहिले तर दुसऱ्या दिवशी ती आंबते, तिसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि पोत्यातल्या बाकीच्या पिशव्यांनाही वास लावते. मग भंगारवाला सगळ्या पोत्याचा भाव पाडतो. पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याचे मोठे काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था करते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातूनच ही संस्था घडली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरटी मिळणारे महिन्याचे शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, ही या बायकांची कमाई. घाणेरडी पिशवी म्हणजे सरळ त्यांच्या मजुरीत कपात आहे. शिवाय ती पिशवी त्यांना हाताने उचलायची असते.

पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. कात्रीने चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्या. तुटलेला नखाएवढा कोपरा कोणी वेचू शकत नाही. तो सिंकमधून गटारात नाहीतर ओल्या कचऱ्यातून खतात जातो.

हाच विचार बाकीच्या सुक्या कचऱ्याला लावा. तेलाच्या पिशवीला साबणाचे एक बोट पुरे. श्रीखंडाचा डबा चमच्याने खरवडून विसळला की झाले, लखलखीत घासायची गरज नाही. वेफर्स-बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटे मात्र वेगळ्या जातीची. त्यांत दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून त्यांना जवळजवळ भाव नाही. ओळखायला सोपे: मुठीत चुरगळून सोडले की पाकीट पुन्हा उघडते, ॲल्युमिनियमची फॉइल तशीच गोळा होऊन राहते. ही पाकिटेही सुक्यातच द्या, कोरडी असली तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून तरी जातात. दुकानाच्या गुळगुळीत बिलांचा कागद रद्दीत घालू नका, त्याच्यावर रसायनाचा लेप असतो. ओव्हनमध्ये चालणारे काचेचे भांडे आणि सॉसची बाटली एकत्र देऊ नका. दोन्ही काचा वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि बाटलीच्या भट्टीत त्या भांड्याची काच गेली तर माल खराब होतो. फुटकी काच जाड पुठ्ठ्यात बांधून वर ‘काच’ असे ठळक लिहा आणि हातात देताना तोंडाने सांगा.

प्रश्न (हडपसर): आम्ही दोन डब्यांत वेगळे देतो, पण कोपऱ्यावरच्या गाडीत सगळे एकत्रच पडताना दिसते. मग वेगळे का करायचे?

आधी नीट पाहा, गाडीत काय पडते आहे. विकण्याजोगा सुका माल ताईंनी तुमच्या दारापासून गाडीपर्यंतच्या वाटेत आधीच बाजूला काढलेला असतो. वरवर एकत्र दिसते ते बऱ्याचदा ओला कचरा आणि भाव नसलेला उरलेला सुका. तोही एकत्र जाऊ नये हे खरेच. पण तुम्ही वेगळे दिल्यामुळे जे वाचायचे ते तोवर वाचलेले असते.

आता उलट बाजू. तुम्ही एकत्र दिले तर तो कचरा रात्रभर एकाच पिशवीत भिजतो. वरणाचे पाणी वर्तमानपत्रात मुरते, चहाचा चोथा पुठ्ठ्याला चिकटतो. ओला झालेला कागद पुन्हा कागद होण्याच्या लायकीचा राहत नाही. सकाळी कोणी कितीही वेचले तरी ते नुकसान भरून येत नाही. कचरा वेगळा होतो तो ओट्यापाशीच. पुढे होते ती केवळ निवड.

गाडीत खरोखरच वेगळा आणलेला कचरा मिसळत असतील तर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि फोटो घेऊन क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांकडे लेखी तक्रार करा. ‘नेहमीच मिसळतात’ अशा तक्रारीवर काही होत नाही. क्रमांक आणि वेळ दिली की कोणाला विचारायचे ते ठरते. हडपसरकरांना वेगळे सांगायला नको की शेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी मिसळलेल्या कचऱ्याचे डोंगर वर्षानुवर्षे सोसले आहेत. दबलेला ओला कचरा हवेविना कुजला की त्यातून मिथेन निघतो आणि काळे पाणी जमिनीत मुरते. तोच कचरा सुटा असता तर खत झाला असता.

प्रश्न (सहकारनगर): बंगल्याच्या आवारात एक आंबा आणि रस्त्यावर रेनट्री आहे. रोज दोन पोती पाचोळा निघतो. ताई नेत नाहीत, झाडणारे कामगार पेटवून देतात. काय करावे?

पेटवू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर पूर्ण बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. पाचोळ्याचा ढीग भडकून जळत नाही, आतल्या आत धुमसतो, आणि धुमसणाऱ्या ढिगाचा धूर बारीक कणांनी भरलेला असतो. तो खालच्या मजल्यावरच्या घरांत शिरतो. कामगारांवर ओरडू नका, त्यांना पोती भरून ठेवायला जागा दिली की पेटवण्याचे कारणच राहत नाही.

ताई पाचोळा नेत नाहीत त्यालाही कारण आहे. ढकलगाडीवर दीडशे-दोनशे घरांचा कचरा न्यायचा असतो. तुमची दोन पोती घेतली तर गाडी तिथेच भरते.

तुमच्याकडे जमीन आहे, म्हणजे प्रश्न जवळपास सुटला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी तीन फूट उंचीची, दहा फूट लांब घ्या आणि गोल करून तारेने टोके बांधा. सव्वातीन फूट व्यासाचे पिंप तयार होते, त्यात साधारण पावणेसातशे लिटर माल मावतो. ते मातीवरच उभे करा, फरशीवर नाही, म्हणजे गांडुळे आणि सूक्ष्मजीव खालून वर येतात. तळाला बोटभर जाडीच्या काटक्यांचा अर्धा फूट थर द्या, तिथून हवा शिरते.

त्यावर आठ इंच पाचोळा, मग पाणी, मग शेणकाला. दोन-तीन किलो ताजे शेण बादलीभर पाण्यात कालवले की तीन थरांना पुरते. शेण मिळत नसेल तर हिरवे कापलेले गवत किंवा घरचा भाजीपाला मधे घाला. वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन अगदी कमी असतो. कुजवणाऱ्या जिवांना दर एक भाग नायट्रोजनला पंचवीस-तीस भाग कार्बन सोसतो, वाळल्या पानांत तो त्याच्या दुप्पट किंवा जास्त असतो. शेण किंवा हिरवा पाला ती तूट भरतो.

इथे सगळ्यात जास्त चुकते ते पाणी. वाळका पाचोळा पाणी धरत नाही, वरून ओतलेले पाणी पानांवरून घरंगळून खाली जाते आणि ढीग आतून ठणठणीत कोरडा राहतो. सहा महिन्यांनी उघडला तर पाने जशीच्या तशी. म्हणून पाचोळा आधी टबात अर्धा तास भिजवा किंवा प्रत्येक थर वेगळा भिजवत तुडवा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडले की ओल बरोबर. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दर चार-पाच दिवसांनी पाणी लागते. वर भिजवलेले गोणपाट टाकले तर आठवडा निघतो. वाळवी दिसली तर समजा की ढीग कोरडा पडला आहे. पांढरी जाळ्यासारखी बुरशी दिसली तर काम चालले आहे, ती काढू नका.

रेनट्रीची पानं बारीक आणि शेंगवर्गातली, ती तीन-चार महिन्यांत काळी होतात. आंब्याचे पान जाड आणि मेणचट, त्याला आठ महिनेही लागतात. दोन्ही मिसळा, आणि आंब्याची पानं कापून किंवा गवत कापायच्या यंत्राखाली चुरून घाला. महिन्यातून एकदा जाळी सोडून बाजूला उभी करायची आणि बाहेरची पाने आत, आतली बाहेर करत पुन्हा भरायची. इतके जमले नाही तरी खत होते, उशिरा होते.

उरलेला पाचोळा आंब्याच्याच आळ्यात तीन-चार इंच पसरा, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. उन्हाळ्यात पाणी निम्मे लागते. जागा कमी पडली तर पोती भरून गच्चीवर बाग करणाऱ्यांना द्या. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा गट पाचोळा देणारे आणि घेणारे यांची गाठ घालून देतो.

फांद्यांचे वेगळे. अंगठ्याहून जाड फांद्या दोन-दोन फुटांच्या कापून मोळी बांधा आणि उचलण्यासाठी क्षेत्रीय कार्यालयाला कळवा. जिवंत झाडाच्या मोठ्या फांद्या छाटायच्या तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या, झाड तुमच्या आवारात असले तरी. राज्याचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा त्यासाठी आहे. आणि आवारात गाजरगवत असेल तर फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा, तेवढे ढिगात चालते. फुललेले घालू नका, घरच्या ढिगाच्या उष्णतेत त्याचे बी मरेलच असे नाही.

प्रश्न (औंध): साठ सदनिकांची सोसायटी. तीन फुटी दोन खड्डे बांधले, महिन्याभरात वास आणि अळ्या. लोक म्हणतात बंद करा. चूक कुठे झाली?

हिशोबात. साठ घरांचा ओला कचरा घरटी पाऊण किलो धरला तर दिवसाला ४५ किलो, म्हणजे साधारण शंभर लिटर. त्यात पाचोळा मिसळायचा, मग ते खचते. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे ७६५ लिटर मावतात. खचणे धरूनही असा खड्डा दहा-बारा दिवसांत भरतो, आणि आतले कुजायला निदान पंचेचाळीस दिवस हवेत. म्हणजे खड्डे पाच लागतात. दोनच असले की अर्धकच्च्यावर ताजे पडत राहते, खालचे दबते, हवा संपते आणि वास सुटतो. तीन खड्डे आणखी बांधा किंवा तोवर निम्म्याच घरांचा कचरा घ्या. दुसरा मार्ग लोकांना आवडणार नाही, पण बंद पडलेल्या प्रकल्पापेक्षा निम्मा चालणारा बरा.

वास कसला, ते आधी ओळखा. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही आणि पाणी जास्त आहे: खड्डा फावड्याने उलटा, एकास एक मापाने कोरडा पाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा, तळाला पाणी निचरायचे भोक बुजले आहे का ते पाहा. डोळ्यांना झोंबणारा, मुतारीसारखा वास असेल तर नायट्रोजन जास्त आहे, म्हणजे भाजीपाला आणि शिळे अन्न भरपूर, पाचोळा कमी. नुसता पाचोळा वाढवला की दोन दिवसांत जातो. आंबट वास हा बहुतेक वेळा भात-पोळीचा आणि ताकाचा. शिळे अन्न पिळून आणि फोडून घालायला सांगा, गोळा टाकला की तो मधे तसाच आंबत बसतो.

अळ्या बघून घाबरू नका. करड्या-तपकिरी, चपट्या, नखाएवढ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या कचरा झपाट्याने खातात, आणि ही माशी घरात घिरट्या घालत नाही, अन्नावर बसत नाही. पांढऱ्या, बारीक, वळवळणाऱ्या अळ्या घरमाशीच्या. त्या वर उघडा कचरा राहिल्याचे सांगतात. रोजच्या कचऱ्यावर दोन-तीन इंच पाचोळा पसरून झाकला तर माशीला अंडी घालायला जागाच मिळत नाही. कीटकनाशक फवारू नका, त्याने खत करणारे जीवच मरतात. उंदरांसाठी पाव इंची जाळीची झाकणे आणि पावसाळ्यासाठी वर पत्रा, हे दोन खर्च टाळू नका. जून-जुलैत उघडा खड्डा चार दिवसांत चिखल होतो.

चालू खड्ड्यात चौथ्या-पाचव्या दिवशी लोखंडी सळई खुपसून ठेवा. पाच मिनिटांनी काढल्यावर हाताला चटका बसला तर ढीग जिवंत आहे, पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो. गार निघाली तर कोरडा आहे किंवा गुदमरला आहे. आणि रोज हे काम करणाऱ्या माणसाला गमबूट, हातमोजे आणि ठरलेला पगार द्या. बहुतेक सोसायट्यांचे खड्डे तंत्राने बंद पडत नाहीत, सफाई कामगाराच्या नेहमीच्या कामात हे काम फुकट जोडल्यामुळे पडतात.

प्रश्न (चिंचवड): ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली हिरवी पिशवी ओल्या कचऱ्याच्या डब्याला लावली तर चालेल ना?

घरच्या खतात नाही. ही पिशवी मोठ्या प्रकल्पातल्या, आठवडेच्या आठवडे ५८ अंशांच्या आसपास राहणाऱ्या ढिगात कुजण्यासाठी तपासलेली असते. घरच्या ड्रममध्ये ती महिनोन्महिने चिंध्या होऊन राहते. वर ‘बायोडिग्रेडेबल’ एवढेच लिहिले असेल तर विकतच घेऊ नका. डब्याला वर्तमानपत्राचे दोन ताव लावा, तळाशी मूठभर कोरडा पाचोळा किंवा लाकडाचा भुसा. डबा धुवायचाही त्रास कमी होतो.

प्रश्न (सातारा रस्ता): अंड्याची टरफले, हाडे, आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या, लिंबाच्या साली: घरच्या ड्रममध्ये काय घालावे?

टरफले चुरून घाला. लिंबाच्या साली थोड्या चालतात, ढिगाने नकोत. कोयी आणि करवंट्या वर्षभर तशाच राहतात, त्या ओल्या कचऱ्यात द्या. शहाळी स्वतंत्र, त्यांचे तुकडे करून आळ्यात पालथे ठेवले तरी उपयोग होतो. हाडे आणि माशांचे काटे उंदीर-मांजरांना बोलावतात; सोसायटीच्या झाकलेल्या खड्ड्यात चालतील, बाल्कनीत नाही.

प्रश्न (बिबवेवाडी): घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. रोज तीन-चार डायपर निघतात. कसे द्यावेत?

आतला मैला आधी संडासात झटकून टाका. मग डायपर गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करा, वर्तमानपत्रात बांधा आणि कागदावर मोठा लाल ठिपका काढा. पुण्यात या लाल ठिपक्याचा अर्थ कचरा नेणाऱ्यांना ठाऊक आहे: ही पुडी उघडायची नाही, वेगळी ठेवायची. सॅनिटरी पॅडलाही हेच. काळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकले तर आत काय आहे ते पाहण्यासाठी कोणाला तरी ती पिशवी हाताने सोडावी लागते, आणि तो हात बहुतेक वेळा उघडा असतो. आजींच्या जखमांची पट्टी, इन्शुलिनच्या सुया असतील तर त्या पुडीत नकोत. सुया झाकण फिरणाऱ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करून तुमच्या दवाखान्याला घेता येईल का ते विचारा.

प्रश्न (सिंहगड रस्ता): माळ्यावर जुने मोबाइल, फुगलेली बॅटरी, सीएफएल दिवे आणि मुदत संपलेली औषधे आहेत. एकत्र बांधून देऊ का?

एकत्र अजिबात नको. फुगलेल्या बॅटरीपासून सुरुवात करा. ती दाबू नका, भोक पाडू नका, चार्ज करून पाहू नका. धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर किंवा कंपनीच्या दुकानात द्या. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते, आणि भोवती सुका कागदच असतो.

मोबाइलमधले कार्ड काढा, माहिती पुसा आणि ई-कचऱ्यातच द्या. भंगारवाल्याकडे गेलेला फोन पुष्कळदा उघड्यावर जाळून किंवा तेजाबात बुडवून तांबे काढले जाते.

सीएफएल दिव्यात थोडा पारा असतो. साबूत दिवा त्याच्या खोक्यात घालून घातक कचऱ्यात वेगळा द्या. फुटला तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटे खोलीबाहेर जा, मग पुठ्ठ्याच्या तुकड्याने काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा आणि सगळे झाकणाच्या बरणीत भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर पारा हवेत पसरतो.

औषधे संडासात ओतू नका, सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प त्यांतले सगळे काढू शकत नाहीत. गोळ्या पाकिटातच राहू द्या, नावावर पेनाने काट मारा म्हणजे कोणी पुन्हा विकणार नाही, आणि घातक कचरा असे लिहून वेगळी पिशवी ताईंच्या हातात द्या.